नायिकेची चुलत बहीण

चूळ भरली आणि ती टाकायच्या आधीच पाणी बाहेर आलं. ओठ तिने मिटलेले होते, निदान तिची तशी समजूत होती. पण डाव्या कोपऱ्यातून बारीक धार हनुवटीवर आली आणि गळ्यावरून आत उतरली. तिने पुन्हा चूळ भरली. पुन्हा तेच. या घरातले नळ गळके आहेत हे ती भेटेल त्याला हसत हसत सांगायची, पण एक दिवस आपणही त्यांच्या पंगतीला जाऊन बसू असं काही तिला वाटलं नव्हतं. आरशाकडे बघताना मान आपोआप किंचित उजवीकडे वळली. ती नेहमीच वळायची. दात घासताना, केस विंचरताना, दुकानाच्या काचेसमोरून जाताना. मान उजवीकडे वळली की डावा गाल समोर येतो, आणि डावा गाल म्हणजे ती. निदान लोक जिला ओळखत होते ती. आज मान वळली, डावा गाल समोर आला, आणि तिथे कुणी नव्हतं. भुवई खाली उतरली होती, ओठाचा कोपरा ओघळला होता. डोळा उघडा होता, पण घरातली माणसं बाहेर गेल्यावर खिडकी उघडी राहून जावी तसा. आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे कपाळाच्या तेवढ्या अर्ध्या भागावरच्या सुरकुत्या पुसून गेल्या होत्या. इतकी वर्षं डब्यांमागून डबे क्रीम चोपडून जे साधलं नाही ते रात्रीतून फुकटात साधलं होतं. तिला हसू आलं. ते फक्त उजवीकडे आलं. ती न्हाणीघरातल्या स्टुलावर मटकन बसली. उजवा डोळा आरशातून तिच्याकडे टकमका बघत होता, कुणाच्या तरी लग्नात चुकून पुढच्या रांगेत बसवलेल्या पाहुणीसारखा.

त्या पाहुणीला नाव होतं. चुलत बहीण. हे नाव भाऊंनी ठेवलेलं. भाऊ म्हणजे तिच्या जवळजवळ सगळ्या चित्रपटांचे कॅमेरामन. ते कुणाचेच सख्खे भाऊ नव्हते, पण स्टुडिओत मालकापासून पंखे पुसणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना भाऊच म्हणत. मामाने तिला पहिल्यांदा स्टुडिओत नेलं तेव्हा तिची शाळा नुकती सुटली होती आणि बाप गेल्यावर घराचा सगळा भार मामावर आला होता. भाऊंनी दोन बोटांनी तिची हनुवटी धरली, बाजारात वांगं निवडावं तशी इकडून तिकडून फिरवली आणि तिच्याशी नव्हे, मामाशी बोलले. "डावीकडून ही नायिका आहे. उजवीकडून नायिकेची चुलत बहीण. चुलत बहिणीला घरी ठेवा, नायिकेला उद्या सकाळी पाठवून द्या." मामा खो खो हसला. मामा हसला म्हणून तीही हसली. घरी येऊन तिने आईच्या आरशात खूप वेळ पाहिलं, आणि भाऊंचं खरं आहे हे तिला पटलं. उजवा गाल जरा फुगीर, उजवा डोळा किंचित बारीक, त्या बाजूची भुवई कुणाचं तरी बोलणं न कळल्यासारखी वर चढलेली. चेहरा वाईट नव्हता. भाजी आणायला, पाहुण्यांना पाणी द्यायला, कुणाची तरी बहीण म्हणून फोटोत कडेला उभं राहायला चांगला होता. त्या दिवसापासून तिने चुलत बहिणीला खरोखरच घरी ठेवलं. पुढे तर घरीही दिसू दिलं नाही.

"ताई, अहो चहा निवतोय!" वहिनी दाराबाहेरून ओरडल्या. वहिनी म्हणजे तिच्याकडे स्वयंपाकपाणी बघणाऱ्या बाई. कोणत्या नात्याने वहिनी हे दोघींनाही सांगता आलं नसतं. दार उघडलं तेव्हा वहिनी कप घेऊन समोरच उभ्या होत्या. "अगं बाई! हे काय होऊन बसलं!" तिने सांगितलं, काही नाही, झोपेत गाल दबला असेल, चोळलं की येईल. पण 'प', 'ब', 'म' असे दोन्ही ओठांची गरज असलेले सगळे शब्द वाटेतच सांडत होते, आणि वहिनींनी तिचं काही ऐकून न घेता शेजाऱ्यांच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर कोवळा होता. त्याला ती कोण हे माहीत नव्हतं. त्याच्या आजीला माहीत असतं. तो म्हणाला, भुवया वर करा. मग गाल फुगवा. मग शीळ घातल्यासारखं करा. हसा. राग आल्यासारखं नाक मुरडा. एवढ्या सूचना तिला कुठल्या दिग्दर्शकाने एका दमात दिल्या नव्हत्या, आणि एवढ्या सूचनांत ती कधी एवढी नापासही झाली नव्हती. "घाबरू नका, हा अर्धांगवायू नाही," डॉक्टर म्हणाला. "चेहऱ्याची नस सुजलीय. गालाला स्पर्श कळेल, ऊन-थंडी सगळं कळेल, फक्त हालचाल होणार नाही. बरंचसं भरून येतं. वयाच्या मानाने पूर्ण येईलच असं नाही सांगत." मग त्याने डोळ्यात घालायचे थेंब दिले आणि झोपताना पापणीवर चिकटपट्टी लावायला सांगितलं, कारण ती पापणी आता आपली आपण मिटणार नव्हती. "त्या डोळ्यातून पाणी येत राहील. ते रडणं नव्हे, तिकडे लक्ष देऊ नका." ती मनातल्या मनात म्हणाली, बाळा, ग्लिसरीनशिवाय डोळ्यातून पाणी काढायला मी अर्धं आयुष्य घालवलं, आणि तू म्हणतोस लक्ष देऊ नका. परतताना गाडीत वहिनी खिडकीबाहेर बघत, जरा चोरट्या आवाजात म्हणाल्या, "मी मुंगीताईंना फोन केलाय. दुपारच्या गाडीने येतायत."

हे ऐकून तिचं धाबं दणाणलं. चेहरा गेला याचं जे काही वाटायचं ते अजून तिला वाटायला लागलंच नव्हतं. त्याच्याआधी ही भीती येऊन उभी राहिली. मुंगी येणार. मुंगी तिची एकुलती एक मुलगी, दुसऱ्या शहरात तिचं चष्म्यांचं दुकान. यायची ती वर्षाकाठी कधीतरी, आपल्या कामाला, आणि उतरायची हॉटेलात. "तुला उगाच त्रास नको," असं म्हणायची आणि ते इतक्या सरळ म्हणायची की त्यात टोमणा शोधूनही सापडत नसे. आईच्या खुर्चीच्या डाव्या हाताला ठेवलेल्या स्टुलावर बसायची, चहा घ्यायची, तिच्या चष्म्याचे स्क्रू आवळून द्यायची आणि गाडीच्या वेळेच्या बरंच आधी उठायची. तरीही यायची. का यायची, याचं उत्तर आईकडे होतं आणि ते तिने फार जपून ठेवलं होतं. मुंगी यायची ती एका वाक्याच्या जोरावर. ते वाक्य खोटं होतं, किंवा खोटं असावं, आणि मुंगीला ते कळलं तर ती यायची थांबेल, अशी या बाईची पक्की समजूत होती. चांगल्या चेहऱ्याने ते वाक्य तिने आयुष्यभर निभावून नेलं होतं. या चेहऱ्याने कसं निभावणार?

घरी आल्यावर ती खिडकीसमोरच्या खुर्चीत बसली. ही खुर्ची तिने स्वतः लावून घेतली होती, हे घर घेतलं त्याच दिवशी. समोर खिडकी, डाव्या हाताला पाहुण्याचं स्टूल. पाहुणा बसला की तिची मान किंचित उजवीकडे वळायची, खिडकीचा उजेड डाव्या गालाच्या हाडावर पडायचा, आणि पाहुण्याला नायिका दिसायची. उजेड न बघता शोधायचा, हे भाऊंनीच शिकवलेलं. त्या वेळचे दिवे म्हणजे भट्ट्याच. पत्र्याच्या छपराखाली वर फळ्यांवर ते ओळीने टांगलेले, खाली माणसं भाजून निघायची. "दिव्याकडे बघितलंस तर डोळे बारीक होतील," भाऊ म्हणायचे, "जमिनीवरच्या खडूच्या खुणेकडे बघितलंस तर मान खाली जाईल. कुठेच बघायचं नाही. गालाच्या हाडाला ऊब लागली की थांबायचं. ऊब गेली की ती परत येईपर्यंत मान फिरवायची." काही महिन्यांत तिला हे इतकं साधलं की रस्त्यावरून चालतानाही गाल ऊन हुडकायचा. तिच्यासाठी सेटवरची दारं उलट्या बाजूला बसवायचे, जिने उलटे चढायचे. एक नायक होता, त्याचीही डावीच बाजू चांगली. दोघांपैकी कुणीच मागे हटेना. मग त्या दोघांनी कितीतरी चित्रपटांत प्रेम केलं ते एकामागे एक उभं राहून, दोघंही एकाच दिशेला, लांबच्या कुठल्यातरी डोंगराकडे बघत. लोकांना वाटायचं, काय ही ओढ! एकमेकांकडे बघण्याचंही धाडस होत नाही! ती आणि तो नायक यावर पोट धरधरून हसायचे. आज तिला त्या हसण्यात काहीतरी खुपलं. डावी बाजू दाखवायची म्हणजे ज्याला दाखवायची त्याच्याकडे बघता येत नाही, एवढी साधी गोष्ट तिच्या कधी ध्यानात आली नव्हती. ज्यांनी ज्यांनी तिला पाहिलं, त्यांच्यापैकी एकाकडेही ती बघत नव्हती.

नवऱ्याच्या मात्र ध्यानात आली होती. तो चित्रपटांचा वितरक होता, गमत्या होता, आणि जाताना भांडलासुद्धा नाही. बॅग दाराशी ठेवून तो एवढंच म्हणाला, "लोकांना वाटतं मी फार नशीबवान. मला बाकी अर्धीच बायको मिळाली. दुसरी अर्धी जरा बरी असावी असं मला सारखं वाटायचं." तिला तो विनोद वाटला होता. तेव्हा तिच्या हातात मोठमोठी कामं होती, आणि विनोद करून निघून जाणाऱ्या माणसाच्या मागे धावायला वेळ नव्हता. मुंगी त्या वेळी चालायला लागलेली. लहानखुरी, काटक, एकदा कशाला चिकटली की सुटायची नाही म्हणून ती मुंगी. तिला आत्याने वाढवलं, नवऱ्याच्या मोठ्या बहिणीने. तिचा सख्खा भाऊ घर सोडून गेला तरी ही नणंद भावजयीच्या घरात राहिली, पोरीसाठी. एकदा शाळेत मुलांना आईचं चित्र काढायला सांगितलं होतं. मुंगीने आणलेल्या चित्रात आईला एक डोळा होता, एक कान होता, अर्धं नाक आणि अर्धं तोंड. बाकी कागद कोरा. आत्या चित्राकडे बघून गप्प झाल्या. आणि ती? ती हरखून गेली. "अगं, पोरीला काय नजर आहे! बरोबर माझा प्रोफाइल!" ते चित्र तिने मेकअपच्या खोलीत आरशाला खोचून ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं. मुंगी दाराशी उभी राहून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते आता आठवायचं म्हटलं तरी आठवत नव्हतं, कारण ते पाहिलेलंच नव्हतं.

वहिनींनी पेज आणून दिली. ती पाजावी लागली. उजव्या कोपऱ्यातून, चमच्याचमच्याने. डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं, कारण मन पुन्हा पुन्हा त्याच सेटवर जाऊन थांबत होतं, जिथे जायला ते आयुष्यभर टाळत आलं होतं. आई मुलाला सोडून जाते असा प्रसंग. मुलाचं काम करणाऱ्या पोराला गालगुंड झालं, सेट दुसऱ्या दिवशी मोडायचा होता, आणि दिग्दर्शकाची नजर कोपऱ्यात आत्यांच्या मांडीवर बसलेल्या मुंगीवर पडली. पाच वर्षांची पोर. केस कापले की मुलगा. तिने हो म्हटलं. एका मिनिटाचं तर काम. पण मुंगीला रडू येईना, तिला सगळ्याची गंमतच वाटत होती, तेव्हा दिग्दर्शक तिच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, आई आज खरंच जाणार आहे, परत यायची नाही. हे तो करणार हे तिला ठाऊक होतं. त्याने आधी विचारलं होतं, बाई, चालेल ना, आणि ती म्हणाली होती, पटकन उरका. मुंगीने हंबरडा फोडला आणि धावत येऊन तिचा डावा हात धरला, दोन्ही हातांनी, मुंगीसारखाच. लिहिलेलं असं होतं की आईने तिची बोटं सोडवायची, तिच्याकडे एकदा, शेवटचं, डोळे भरून बघायचं आणि चालू लागायचं. तिने बोटं सोडवायला घेतली. पोरीने हिसका दिला, खुणेवरून तिचं पाऊल सरकलं, आणि गालाच्या हाडावरची ऊब गेली. बस्स. एवढंच झालं होतं. ऊब गेली आणि मान फिरली, उजवीकडे, पोरीपासून दूर, ऊब परत येईपर्यंत. पोर खाली ओरडत होती, "आई, इकडे बघ! आई, इकडे बघ ना!" आणि ती ऊब धरून उभी होती.

'कट' झाल्यावर दिग्दर्शकाने टोपीच उडवली. "बघितलंच नाही! बाई, काय सुचलं हो तुम्हाला! मी लिहिलं होतं बघते म्हणून, आणि तुम्ही बघितलंच नाही!" भाऊंनी मात्र भिंगावरून डोळा काढून तिच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "ऊन शोधलंस ना?" तिने मान हलवली असावी. त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही, आणि आता भाऊ नव्हतेच. चित्रपट लागला, आणि लोकांनी त्या शॉटपायी रुमालच्या रुमाल भिजवले. जी आई आपल्या लेकराकडे शेवटचं बघूही शकत नाही तिचं दुःख केवढं, असं मोठमोठ्या माणसांनी लिहिलं. पहिल्यांदा जेव्हा कुणीतरी विचारलं की तुम्ही तिकडे का बघितलं नाही, तेव्हा ती क्षणभर गोंधळली आणि म्हणाली, "मला बघवलंच नाही." किती सोपं वाक्य! ते तिच्या तोंडून निघालं आणि लगेच खरं होऊन बसलं. पुढे प्रत्येक मुलाखतीत, प्रत्येक सत्कारात तिने ते म्हटलं. मुंगी कॉलेजात असताना एकदा तिच्या देखतही म्हटलं, आणि मुंगी खाली मान घालून ऐकत राहिली. तेव्हा तिला वाटलं, चला, पोरीला पोचलं. मोठी झाल्यावर इतकी वर्षं बोर्डिंगात ठेवली, वाढदिवस चुकले, त्याआधी तापात उशाशी आत्याच बसल्या. पण तुझ्याकडे बघवलं नव्हतं एवढं तरी तिला मिळालं. खरं काय होतं, हे तिला स्वतःलाही आता नीट सांगता आलं नसतं. कधी वाटायचं, पोरीचा आवाज ऐकून आतडं पिळवटलं आणि म्हणूनच मान फिरली असेल, ऊब हे निमित्त. मग भाऊंचा आवाज यायचा. ऊन शोधलंस ना? आणि ती स्वतःशीच खजील व्हायची.

तेही दिवस फार टिकले नाहीत. दिवे बदलले. नवे आले ते थंड होते, हात लावला तरी भाजत नसत. तरुण पोरं खूश झाली आणि ती मात्र आंधळी झाली. गाल हुडकत राहायचा आणि काही लागायचं नाही. "बाई, जरा पुढे. बाई, अजून जरा. बाई, अंधारात गेलात." नवा कॅमेरामन कंटाळून सहायकाला म्हणाला, म्हातारीला खांद्याला धरून उभं कर रे, आणि तिने ते ऐकलं. तोपर्यंत ती आयांची कामं करत होती, कुणा ना कुणाच्या मागे, कडेला. शेवटच्या चित्रपटात तर तिची उजवी बाजूच दिसली होती, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

गाडीची वेळ झाली तेव्हा ती उठली. तिने खिडकीचा पडदा ओढला आणि पाहुण्याचं स्टूल उचलून उजव्या हाताला ठेवलं. एवढ्यानेच तिला धाप लागली. मुंगीने उजवीकडून पाहिलं तर निम्मं झाकलं जाईल, बाकीचं शालीने झाकता येईल. चुलत बहिणीला असं ऐन वेळी नटवून पुढे करताना तिला लाज वाटली, पण दुसरा इलाज नव्हता. वाक्य तिने मनात घोळवून पाहिलं. 'मला बघवलंच नाही.' त्यात 'म' होता आणि 'ब' होता. तिच्या तोंडून ते 'ला घवलंच नाही' असं काहीतरी निघालं. तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा. बोटाने ओठाचा डावा कोपरा वर धरून म्हटलं. लहानपणी मामा तिला संवाद पाठ करायला लावायचा तशी ती अंधारात शाल पांघरून एकच ओळ घोकत बसली, आणि बाहेर वहिनींचा आवाज आला, "या, या. खुर्चीतच बसल्यायत."

मुंगी आत आली. तीही आता पन्नाशी ओलांडलेली बाई, केस पिकलेले, गळ्यात दोरीला लटकलेला चष्मा. तिने पिशवी खाली ठेवली आणि सरळ जाऊन पडदा उघडला. "अंधारात काय बसलीस?" दुपारचं ऊन खोलीभर झालं. मग तिने स्टुलाकडे पाहिलं, जरा थांबली, काही न बोलता ते उचललं आणि नेहमीच्या जागी, डाव्या हाताला आणून ठेवून त्यावर बसली. "शाल काढ, आई."

"नको."

"काढ गं. दिवसभर मी दुसरं काय करते? माणसांची तोंडंच बघते." तिने स्वतःच शाल बाजूला केली. घाई नव्हती, दयाही नव्हती. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवताना बघत असेल तसं तिने पाहिलं. "कुणाचेच दोन्ही कान एका रेषेत नसतात, माहितीये? दोन्ही डोळे सारखे असलेला माणूस मला अजून भेटायचाय." तिने आईचा चष्मा काढला, थेंबांची बाटली हुडकून डाव्या डोळ्यात थेंब घातला, आणि पापणी बोटाने हलकेच मिटून धरली. इतक्या जवळून मुंगीचा श्वास तिला लागत होता. गालाच्या हाडावर ऊन होतं. डॉक्टर खरं बोलला होता, ऊब कळत होती. समोर उजेड, डाव्या हाताला मुंगी. आणि तिच्या ध्यानात आलं की ही मांडणी ती ओळखते. इथे ती एकदा उभी राहिली आहे. तिने घाईघाईने ते वाक्य सुरू केलं, कारण आता नाही म्हटलं तर पुन्हा म्हणता येणार नाही असं तिला वाटलं. "मुंगे, त्या वेळी... मला..." शब्द ओठांतून निसटले. तिने बोट ओठाकडे नेलं.

"राहू दे आई. मला माहितीये."

"काय?"

"तू ऊन शोधत होतीस." मुंगीने बोट पापणीवरून काढलं. आवाज अगदी साधा होता, गाडी वेळेवर होती म्हणावं तसा. "मी तिथे होते ना. माझ्या हातात तुझा हात होता. तुझा हात घट्ट झाला नाही, सैल झाला. आणि तुझी मान घरीही तशीच फिरायची, गॅलरीत, जेवताना, कुठेही. सगळे मला सांगायचे, आईला बघवलं नाही. मी म्हणायचे, हो."

"मग तू... येत का राहिलीस?" हे मात्र तिला सगळं म्हणता आलं, वेडंवाकडं का होईना.

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा आवाज येत राहिला. "त्या दिवशी मला वाटलं होतं की शॉट संपला की तू इकडे वळशील," मुंगी म्हणाली. "मी रडायची थांबले होते, तुला आठवत नसेल. थांबून बघत होते. तू भाऊंकडे गेलीस." तिने चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळली आणि सोडली. "मग वाटलं, पुढच्या वेळी वळेल. असं करत करत सवय लागली."

इतकी वर्षं आपण ज्या दाराला कडी लावून, पाठ टेकून उभ्या होतो, त्या दाराच्या आत ही पोर केव्हापासूनच येऊन बसली होती. आणि आपण बाहेरच्या बाजूला उभ्या राहून राखण करत होतो. सगळी राखण वाया गेली होती. सत्कार, मुलाखती, ते एक वाक्य. एकदा मान फिरवायची होती, तीही किती, टीचभर, आणि ते सोडून तिने बाकी सगळं केलं होतं. ऊन सरकलं. गालाच्या हाडावरची ऊब उतरली, आणि मान हलली, आपली आपण, उजवीकडे, ऊब हुडकायला. जुनं जनावर रोजच्या वाटेला लागावं तशी. तिने ती थांबवली. हे इतकं अवघड जाईल असं तिला वाटलं नव्हतं. मानेच्या शिरा ताणल्या, हनुवटी थरथरली. मग तिने मान डावीकडे वळवली, स्टुलाकडे. ओघळलेला कोपरा, उतरलेली भुवई, सताड उघडा डोळा आणि पलीकडची ती फुगीर गालाची, काही न कळल्यासारख्या भुवईची चुलत बहीण, सगळं मुंगीच्या समोर आलं. ऊन आता उजव्या गालावर पडलं होतं. तिथे ते कधी पडलं नव्हतं, आणि ते बोचत होतं. मुंगीच्या नाकावर चष्म्याचे दोन वळ होते. तिचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा बारीक होता, उजवा. भुवईही तशीच, चढलेली. हे कुणी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

मुंगी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पिशवीतून काचा पुसायचा मऊ रुमाल काढला आणि डाव्या डोळ्याखालचं पाणी टिपलं.

"रडत नाहीये मी," ती म्हणाली. "ती नस आहे."

"वहिनींनी सांगितलं फोनवर," मुंगी म्हणाली. रुमालाची घडी उलटून तिने कोरडी बाजू वर घेतली आणि तो उजव्या डोळ्याकडे नेला. त्या डोळ्याला काहीही झालेलं नव्हतं.